पाचा उत्तरांची कहाणी, साठा उत्तरी

"मेला म्हणतात, पण मला काही खरं वाटत नाही." नेरूळच्या आमच्या सोसायटीत सकाळी दुधाच्या पिशव्या घ्यायला खाली आलेल्या आजी हे इतक्या शांतपणे म्हणाल्या, की वॉचमन दचकलाच. गेलेला माणूस बिल्डिंगमधला नव्हता. तो होता ‘सातव्या मुलीची सातवी मुलगी’मधला विरोचक. त्याचा वध झाला होता आणि आजींचा त्यावर विश्वास बसत नव्हता.

झी मराठीवर सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही मालिका डिसेंबर २०२४ मध्ये संपली. मूळ बंगाली ‘त्रिनयनी’. पुढचं आधीच पाहणारी नेत्रा (तितीक्षा तावडे), तिचा नवरा अद्वैत आणि त्याच घरात, वरवर आपली वाटणारी रुपाली, म्हणजेच विरोचक. ऐश्वर्या नारकर यांनी ही रुपाली अशी रंगवली, की माझी आई "तिचे डोळे बघायला बसते" असं सांगून टीव्ही लावायची. कथानक तिला नंतर नंतर आठवतही नसे.

शेवटच्या महिन्यांत बिल्डिंगमधली मतं मी जरा लक्ष देऊन ऐकत होतो. एक गोष्ट ध्यानात आली. पोरीला भविष्य कसं दिसतं, असा प्रश्न एकानेही विचारला नाही. बँकेतून निवृत्त झालेले शेजारी, ज्यांना पासबुकातली एका रुपयाची चूक खपत नाही, त्यांचीही चमत्काराबद्दल तक्रार नव्हती. ते म्हणायचे, "हिला सगळं आधी दिसतं, मग नेमकं हेच कसं दिसलं नाही?" खारघरची भाची हार्बर लोकलमध्ये मोबाईलवर दीडपट वेगाने भाग बघते. तिचं मत आणखी रोखठोक: "शेवटची तीन मिनिटं बघितली तरी पुरतं, मधलं सगळं पाणी." जादू सगळ्यांना मान्य होती. जादूचा कायदा रोज बदलतो, हे मान्य नव्हतं.

आणि हा हट्ट आपल्याकडे जुना आहे. श्रावणातल्या कहाण्या आठवा. त्यांत देव भेटतात, गेलेलं राज्य परत मिळतं, मेलेली मुलं उठून बसतात. पण प्रत्येक गोष्टीला अट असते. वसा टाकला की दैन्य, घेतला की भरभराट. शाप आहे तिथे उःशाप आहे आणि तो शब्दशः पाळला जातो. ‘झपाटलेला’ चित्रपटाला आता तीस वर्षं उलटून गेली. तरी तात्या विंचूला गोळी नेमकी कुठे लागली पाहिजे, हे आमच्या पिढीतल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा. रामदास पाध्यांच्या त्या बाहुल्याची भीती वाटायची, कारण त्याचे नियम पक्के होते.

कहाणीची दुसरी शिस्त लांबीची. साठ उत्तरांची गोष्ट पाच उत्तरांत सुफळ संपूर्ण करायची, ही तिची प्रतिज्ञाच. दैनंदिन मालिका नेमकं उलटं करते. पाच उत्तरांचा जीव आणि तो साठ उत्तरांपर्यंत ओढायचा. अमेरिकेत ‘वन्स अपॉन अ टाइम’ या परीकथांच्या मालिकेचे २०११ ते २०१८ या सात पर्वांत मिळून १५५ भाग झाले. मूळ गोष्ट सहाव्या पर्वात आटोपल्यावर सातव्यात नवं गाव, बरेचसे नवे चेहरे आणले, तेव्हा तिथेही जुन्या प्रेक्षकांत दोन तट पडले. आठवड्याला सहा भागांच्या हिशेबाने आपल्याकडे १५५ भाग सहा महिन्यांत उडतात. म्हणजे सातव्या पर्वाचा थकवा आपल्या लेखकाला पहिल्या दिवाळीतच गाठतो. मग येतात लीप, महासंगम, रविवारचा महाएपिसोड. गोष्ट कधी संपणार हे गोष्ट ठरवत नाही, दर गुरुवारी येणारा टीआरपी ठरवतो. खलनायक मेला आणि आकडा चांगला असला, तर नवा खलनायक शोधावा लागतो किंवा जुनाच कुठून तरी उठवावा लागतो. आजींचा अविश्वास हा असा कमावलेला आहे. इतक्या वर्षांत टीव्हीने त्यांना एवढं तर शिकवलंच की प्रेत दिसलं तरी घाई करू नये.

खंडोबाच्या गोष्टीवरची ‘जय मल्हार’ ही मालिका मला या बाबतीत सुदैवी वाटते. २०१४ ते २०१७, तीन वर्षं, म्हणजे लांबीत तीही कमी नव्हती आणि पाणी तिच्यातही होतं. पण मणी-मल्लाचं काय होतं हे जेजुरीला एकदा जाऊन आलेल्या प्रत्येकाला ठाऊक. "पुढे काय" हा प्रश्नच बाद. त्यामुळे घराघरांत वाद झाला तो म्हाळसा आणि बानूवरून: कुणाचं बरोबर, देवाने कुणाकडे आधी जायला हवं होतं. एका देवाच्या संसाराबद्दल जेवणाच्या ताटावर भांडण होणं ही मला त्या मालिकेची खरी कमाई वाटते. रहस्य टिकवायची धडपड नसली की लेखकाला माणसांकडे बघायला वेळ मिळतो.

दृश्यांचं काय? तरुण प्रेक्षक व्हीएफएक्सवर हसतात. रोज भाग द्यायचा, पैसा बेताचा, त्यात कॉम्प्युटरवरच्या आगीला आगीसारखं दिसायला सवड कुठून मिळणार! मला खटकतं ते वेगळंच. मालिकेतल्या विरोचकाशी नावाचं नातं सांगणारा विरोचन छांदोग्य उपनिषदात येतो. आत्मा जाणून घ्यायला इंद्राबरोबर प्रजापतीकडे गेलेला हा असुर पाण्यातलं स्वतःचं सजवलेलं प्रतिबिंब बघून समाधानाने घरी परतला. इंद्राला मात्र वाटेतच शंका आली आणि तो मागे फिरला. आपल्या अद्भुत मालिका बहुधा विरोचनाच्या वाटेने घरी जातात. चकचकीत रूप दिसलं, झालं समाधान.

अद्भुताचं हे वेड अर्थात टीव्हीच्याही आधीचं. वाशीच्या नाट्यगृहाला विष्णुदास भाव्यांचं नाव आहे. तिथल्या पार्किंगसाठी भांडणाऱ्या किती जणांना ते आठवत असेल कोण जाणे, पण १८४३ मध्ये सांगलीत भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, तेव्हापासून देव आणि राक्षस हे आपल्या रंगभूमीचे पहिले नट. पुढे अशा खेळांना अललडुर्र नाटकं म्हणून हिणवलं गेलं. राक्षस आरडाओरड करत यायचे, राळेचा भडका उडायचा, बस्स, तेवढाच व्हीएफएक्स.

याच नाट्यगृहात मी भाचीच्या मुलाला रत्नाकर मतकरींचं ‘अलबत्या गलबत्या’ दाखवायला नेलं होतं, वैभव मांगले चेटकीण झालेला नव्या संचातला प्रयोग. चेटकीण आली की सगळं थिएटर तिच्याशी हुज्जत घालतं. आमच्या मागच्या रांगेतला एक मुलगा तिसऱ्यांदा आला होता. प्रत्येक प्रसंग घडायच्या आधीच तो मोठ्याने सांगून टाकायचा. शेवटी वैतागून आई म्हणाली, "अरे गप, बाकीच्यांना बघू दे ना, काय होतंय ते." तो म्हणाला, "काय होतंय ते नाही गं, ती कशी फसते ते बघायचं असतं." आणि पुढच्या वाक्याला पुन्हा ओरडला.