‘गणितसारसंग्रहा’तील त्रिभुजविचार

सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने १९६३ मध्ये जीवराज जैन ग्रंथमालेत महावीराचार्यांचा ‘गणितसारसंग्रह’ लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह प्रसिद्ध केला. राष्ट्रकूट नृपती अमोघवर्षाच्या काळातील, इ. स. ८५० च्या सुमाराचा हा ग्रंथ. रंगाचार्यांच्या १९१२ च्या मद्रास आवृत्तीनंतर तो पुन्हा अभ्यासकांच्या हाती आला, आणि त्याबरोबर जुना प्रश्नही आला : ज्या क्षेत्रगणितात कोनाचे माप नाही, तेथे बाहू व कोन यांच्या संबंधाचे ज्ञान होते असे म्हणता येईल काय?

महावीर त्रिभुजाचे सम, द्विसम व विषम असे तीनच प्रकार करतात. वर्गीकरण सर्वस्वी बाहूंवर आहे. लघुकोन, विशालकोन असा भेद त्यात नाही. परंतु एवढ्यावरून निर्णय देणे उतावळेपणाचे होईल. १३, १४, १५ बाहूंचे त्रिभुज घ्यावे. १४ ही भूमी धरल्यास लंब १२, आबाधा ५ व ९, आणि क्षेत्रफळ ८४ येते. येथे ५ ला १३ ने भागले की आजची कोज्या मिळते; १५ चा वर्ग हा १३ व १४ यांच्या वर्गांच्या बेरजेतून १४ व ५ यांचा दुप्पट गुणाकार वजा केल्याने येतो. नाव नसले तरी वस्तू आहे. दोन बाहूंच्या गुणाकारास लंबाने भागून परिवृत्ताचा व्यास काढण्याचा नियमही महावीरांनी दिला आहे; १३ × १५ ÷ १२ म्हणजे १६.२५. ज्या-नियमाचेच हे कोनरहित रूप होय. मात्र त्यावरून महावीरांना आधुनिक त्रिकोणमितीचे जनक ठरविणे हा अभिमानाचा अतिरेक होईल.

ग्रंथाची खरी उणीव दुसरीकडे आहे. महावीर क्षेत्रफळ दोन प्रकारांनी देतात : व्यावहारिक व सूक्ष्म. व्यावहारिक रीतीत दोन बाहूंच्या बेरजेच्या निम्म्यास भूमीच्या निम्म्याने गुणावयाचे. वरील त्रिभुजात ८४ ऐवजी ९८ येतात. शेत मोजणाऱ्याने ते एक वेळ सोसावे. पण १०, १७ व भूमी ९ हे विशालकोन त्रिभुज घेतले, तर ३६ ऐवजी ६०.७५ येतात. भूमीजवळचा कोन काटकोनापलीकडे झुकला की लंब खुजा होतो आणि बाहू मात्र तेवढेच राहतात. स्थूल रीतीला कोनाचा हा फरक दिसतच नाही. ३, ६, ९ या बाहूंना, ज्यांचे त्रिभुज होतच नाही, हीच रीती ९ भूमीवर २०.२५ क्षेत्रफळ बहाल करते.

हीच दोन उदाहरणे भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) आहेत, आणि तेथील विवेचन अधिक समाधानकारक वाटते. १०, १७, ९ मध्ये एक आबाधा ऋण ६ येते. भास्कराचार्य ती टाकून न देता विरुद्ध दिशेची म्हणून स्वीकारतात. लंब भूमीच्या बाहेर पडतो हे ओळखणे म्हणजे विशालकोन ओळखणेच. ३, ६, ९ चे क्षेत्र ते अनुपपन्न ठरवितात आणि तेवढ्या लांबीच्या सरळ काड्या मांडून अशक्यता दाखवावी असे सुचवितात. चतुर्भुजाच्या नुसत्या चार बाहूंवरून निश्चित क्षेत्रफळ विचारणाऱ्यास तर त्यांनी पिशाच म्हटले आहे. तीन बाहूंनी कोन बांधले जातात, चारांनी नाही, हे मर्म त्या रागामागे आहे.