पस्तीस हजार टनांचा नायक

१९८०च्या दशकात दूरदर्शनवर 'जायंट रोबोट' नावाची एक जपानी मालिका दाखवत असत. एक लहान मुलगा मनगटातल्या घड्याळात बोलून हुकूम सोडायचा आणि इमारतीएवढा यंत्रमानव आकाशात झेप घ्यायचा. आमच्या वर्गात दुसऱ्या दिवशी दुसरा विषय नसे. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. एकदा धीर करून बाईंना विचारले, "बाई, एवढा जड रोबोट उडतो कसा?" बाई म्हणाल्या, "असलं खोटंनाटं बघण्यापेक्षा पाढे पाठ करा." वर्ग हसला, मी खाली बसले आणि पुढे बरेच दिवस वर्गात काही विचारले नाही.

ही आठवण निघाली ती माझ्या भाच्यामुळे. तो आठवीत आहे. गेल्या पावसाळ्यात तो महिनाभर आमच्याकडे राहायला होता. त्याला जुन्या जपानी मालिकांचे वेड लागले आहे. कोठून तरी 'अल्ट्रामॅन'च्या तबकड्या मिळाल्या आणि रोज रात्री जेवणानंतर एक-दोन भाग असे आम्ही सगळे ३९ भाग पाहिले. अशा मालिकांत विज्ञान किती आणि भाकड किती, त्या मुलांनी पाहाव्यात का, असे शिक्षक मला अधूनमधून विचारतात. त्यांना सविस्तर उत्तर द्यावे म्हणून हा लेख.

प्रथम थोडी ओळख. 'अल्ट्रामॅन' जपानमध्ये १७ जुलै १९६६ ते ९ एप्रिल १९६७ या काळात दर आठवड्याला प्रक्षेपित झाली. तिच्यामागे एइजी त्सुबुराया हे नाव होते. १९५४च्या 'गॉडझिला' या चित्रपटातली यांत्रिक किमया त्यांचीच. १९६३ साली त्यांनी स्वतःची निर्मितीसंस्था काढली. मालिकेची कल्पना साधी आहे. 'विज्ञान पथक' नावाची एक तुकडी पृथ्वीवर उपटणाऱ्या अजस्र प्राण्यांशी सामना करते. तिच्यातल्या हायाताचे विमान एका परग्रहवासीयाच्या यानावर आदळते आणि तो मरतो. परग्रहवासी स्वतःचे प्राण त्याच्याशी वाटून घेतो. संकट आले की हायाता ४० मीटर उंचीचा अल्ट्रामॅन होतो. पृथ्वीवर मात्र त्याची ऊर्जा झपाट्याने संपते. छातीवरचा निळा दिवा लाल होऊन लुकलुकू लागला की त्याला आवरते घ्यावे लागते. नायकाची ऊर्जा मोजकीच असावी, ही कल्पना मला फार आवडली. आपल्याकडच्या कित्येक पडद्यावरच्या नायकांना ती लाभलेली नाही.

आता हिशेबाकडे वळू. एके रात्री भाचा म्हणाला, "मावशी, अगं याचं वजन पस्तीस हजार टन दिलंय. एवढं असेल का गं?" मी त्याला म्हटले, "वही काढ."

१.६ मीटर उंचीचा, ६४ किलोग्रॅम वजनाचा एक माणूस घ्या. अल्ट्रामॅनची उंची ४० मीटर, म्हणजे बरोबर २५ पट. उंची २५ पट झाली तर रुंदी आणि जाडीही तेवढीच वाढणार. म्हणून आकारमान २५ × २५ × २५, म्हणजे १५,६२५ पट होईल. ६४ किलोग्रॅमला १५,६२५ने गुणले की येतात दहा लाख किलोग्रॅम, म्हणजे १,००० टन. मालिका सांगते ३५,००० टन! याचा अर्थ अल्ट्रामॅनची घनता माणसाच्या ३५ पट आहे. माणसाच्या शरीराची घनता साधारण पाण्याइतकी असते. तेव्हा अल्ट्रामॅनच्या एका घन सेंटिमीटरचे वजन सुमारे ३५ ग्रॅम भरेल. शिसे ११.३ ग्रॅम, सोने १९.३ ग्रॅम आणि मूलद्रव्यांत सर्वांत घन असलेले ऑस्मियम २२.६ ग्रॅम. आमचा नायक सोन्याच्या जवळजवळ दुप्पट घन निघाला!

भाचा खूश झाला. म्हणाला, "मग तो उभा कुठे राहणार?" हा प्रश्न त्याचा, माझा नव्हे. तेही काढले. माणसाच्या दोन्ही तळव्यांचे क्षेत्रफळ ४०० चौरस सेंटिमीटर धरा. क्षेत्रफळ २५ × २५, म्हणजे ६२५ पट वाढते. त्यामुळे अल्ट्रामॅनचे दोन्ही तळवे मिळून २५ चौरस मीटर होतील. ३५,००० टनांना २५ने भागले की दर चौरस मीटरवर १,४०० टन भार येतो. साध्या मातीवर इमारतीचा पाया घालताना चौरस मीटरला दहा-वीस टन भार धरतात. टोकियोच्या मऊ गाळावर अल्ट्रामॅन उतरला तर राक्षसाशी झुंजण्याआधी तो जमिनीत रुतून बसेल.

वजन खरे धरले, म्हणजे १,००० टनच मानले, तरी सुटका नाही. वजन १५,६२५ पट वाढले, पण ते पेलणाऱ्या हाडांचा छेद फक्त ६२५ पट वाढला. हाडांवरचा ताण २५ पट झाला. गॅलिलिओने १६३८ सालच्या ग्रंथात हे सांगून ठेवले आहे. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ मध्ये याच विषयावर एक सुरेख निबंध लिहिला. पुढे १९५७ मध्ये ते भारतात आले आणि इथलेच झाले. हत्तीचे पाय खांबासारखे आणि हरणाचे काटकुळे का, याचे उत्तर इथेच आहे. पाठ्यपुस्तकात क्षेत्रफळ आणि घनफळ यांची सूत्रे असतात. ती कशासाठी, हे या एका सायंकाळी आठवीतल्या मुलाला जेवढे कळले तेवढे चार तासिकांत कळले असते की नाही, शंका आहे.

तेव्हा कागदावरचे विज्ञान चूक. पण कॅमेऱ्यामागचे विज्ञान पाहा. पडद्यावरचा अल्ट्रामॅन म्हणजे रबरी पोशाखातला माणूस, आणि टोकियो म्हणजे लाकूड-प्लास्टरची खेळण्यातली नगरी. ४० मीटरवरून सोडलेला दगड जमिनीवर यायला सुमारे २.८६ सेकंद लागतात, १.६ मीटरवरून सोडलेल्याला ०.५७ सेकंद. उंची २५ पट, पण वेळ फक्त ५ पट; कारण पडण्याचा काळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून छोटी इमारत पडताना मोठी भासवायची असेल तर चित्रण पाचपट वेगाने करून ते नेहमीच्या वेगाने दाखवायचे. चित्रपटाचा नेहमीचा वेग सेकंदाला २४ चौकटी. तेव्हा कॅमेरा सेकंदाला १२० चौकटींनी चालवावा लागेल. प्रत्येक दृश्यात एवढा काटेकोरपणा पाळलेला नाही. झुंजी तर बऱ्याचदा भरभर चालतात. पण जिथे पाळला आहे तिथे इमारत खरोखर 'जड' होऊन कोसळते. पाणी मात्र लबाडी उघडी पाडते. पाण्याचा थेंब काही खेळण्याच्या मापाने लहान होत नाही. म्हणून छोट्या समुद्रातल्या लाटा लगेच ओळखू येतात.

हा प्रयोग शाळेत करता येतो. आज पुष्कळ मोबाइल फोनमध्ये संथ चित्रणाची सोय असते. काडेपेट्यांचा मनोरा रचा, तो पाडा, नेहमीच्या आणि संथ अशा दोन्ही प्रकारे त्याचे चित्रण करा आणि कोणता मनोरा मोठा वाटतो ते मुलांना विचारा.

इथवर मी या मालिकेची बाजू घेतली. आता तक्रारी. पथकात एकच स्त्री आहे, फुजी, आणि ती बहुतेक वेळ संदेशयंत्रापाशी बसलेली असते. जवळजवळ प्रत्येक भागाचा शेवट प्राण्याला मारण्यात होतो. पण माझ्या मते खरी हानी दुसऱ्याच ठिकाणी आहे. पथकातला संशोधक इदे. संकट आले की तो कामाला लागतो आणि बघता बघता नवे यंत्र तयार! ते पहिल्याच प्रयत्नात चालते. मी आयुष्याची वीस वर्षे प्रयोगशाळेत घालवली आहेत. एका उपकरणातला नको असलेला गोंगाट कमी करायला मला दोन वर्षे लागली आणि शेवटी दोष एका सैल जोडणीत निघाला. विज्ञान म्हणजे चमत्कारिक बुद्धीच्या माणसाला सुचलेले यंत्र, अशी मुलांची समजूत झाली तर पहिल्या फसलेल्या प्रयोगानंतर 'आपल्यात ते नाही' असे ठरवून ती मोकळी होतात. वजनाचा आकडा चुकला तर मुले तो वहीत दुरुस्त करू शकतात. ही समजूत दुरुस्त करायला शिक्षकच लागतो. मालिका पाहून झाल्यावर वर्गात जरूर विचारा, 'इदेचे यंत्र चालले नसते तर त्याने आधी काय तपासायला हवे होते?'

आणि आता तो भाग, ज्याच्यासाठी मी ही मालिका मुलांना दाखवा असे म्हणते. २३वा भाग, १८ डिसेंबर १९६६ रोजी प्रक्षेपित झालेला. टोकियोत शांतता परिषद भरणार आहे आणि तिला येणारी विमाने कोणी अदृश्य शत्रू पाडतो आहे. इदे असे एक यंत्र बनवतो की ते अदृश्य यान दिसू लागते. यान पाडले जाते आणि त्यातून एक राक्षस बाहेर पडतो. मग कळते, तो राक्षस नाही. तो जामिला नावाचा माणूस आहे, एका देशाने अवकाशात पाठवलेला यात्री. अपघाताने तो पाण्याचा थेंबही नसलेल्या ग्रहावर अडकला. आपले अपयश जगाला कळू नये म्हणून त्याच्या देशाने ते लपवले, त्याला शोधायलाही कोणी गेले नाही. त्या ग्रहावर त्याचे शरीर पालटले आणि तो सूड घ्यायला परतला. वरून हुकूम येतो की हा माणूस होता हे जगाला कळू देऊ नका, राक्षस समजून मारा. इदे प्रथम लढायलाच नकार देतो. जामिला एक गाव जाळत सुटतो आणि अखेर अल्ट्रामॅन त्याला मारतो, पाण्याने. ज्याच्यासाठी तो तडफडला त्याच पाण्याने. चिखलात लोळत तो लहान मुलासारखा रडतो. त्याच्या थडग्यावर विज्ञानाच्या प्रगतीसाठी प्राण दिल्याचे गौरवाचे शब्द कोरले जातात. ते वाचून इदे कडवटपणे म्हणतो की मरणाऱ्याच्या वाट्याला नेहमी असे सुंदर शब्दच येतात.

हे निव्वळ कल्पित म्हणून सोडून देता येत नाही. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने लायका ही कुत्री अवकाशात पाठवली. ती काही दिवस जिवंत होती असेच जगाला सांगितले गेले. यान तापल्यामुळे ती काही तासांतच मेली होती, हे उघड झाले २००२ साली. म्हणजे मालिका निघाली तेव्हा हे जगाला ठाऊक नव्हते. तरीही स्पर्धेच्या घाईत अपयश लपवले जाते आणि त्याची किंमत ज्याला बोलता येत नाही त्याला मोजावी लागते, एवढे तिच्या कर्त्यांनी ओळखले होते.

तो भाग संपल्यावर भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मावशी, त्या जामिलाचं चुकलं काय?"

"त्यानं गाव जाळलं," मी म्हटले.

"ते नंतर. आधी काय चुकलं?"

त्याला द्यायला माझ्याकडे गणित नव्हते. आम्ही बोलत बसलो. यंत्र इदेने बनवले, मग जामिलाच्या मरणात त्याचा वाटा किती? हुकूम देणाऱ्याचा किती? पाळणाऱ्याचा किती? प्रयोग फसला हे सांगायला लाज का वाटावी? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देताना मला माझ्या सैल जोडणीची गोष्ट त्याला सांगावी लागली. ती मी आजवर निबंधात लिहिलेली नाही. निबंधात फक्त शेवटची, नीट चाललेली मोजणी आहे.

तेव्हा शिक्षकांना माझे सांगणे एवढेच. अशा मालिकांतल्या चुकांची यादी करून मुलांपुढे ठेवू नका, त्या त्यांना शोधू द्या. वजन, ताण, वेग यांच्या चुका त्यांना सापडतील आणि सापडल्याचा आनंदही होईल. संशोधन एका रात्रीत होत नाही, हे मात्र तुम्ही सांगा. शक्य तर स्वतःचा फसलेला प्रयोग सांगा. आणि जामिलाचा भाग दाखवलात तर त्यानंतरची तासिका मोकळी ठेवा.

माझ्या बाईंवर माझा राग नाही. वर्गात साठ मुले होती आणि पाढे खरोखरच पाठ नव्हते. पण रोबोट किती जड असेल, त्याला उचलायला किती जोर लागेल, हे त्याच पाढ्यांनी काढता आले असते. तो हिशेब मी पुढे बारा-तेरा वर्षांनी, पदवीच्या वर्गात, दुसऱ्याच निमित्ताने शिकले.