दूरध्वनीचा परिव्यय : एका वादाची मर्यादा

दूरध्वनी-उद्योगाच्या परिव्ययाविषयी अमेरिकेत जो वाद झाला, त्याचा पाया फार अरुंद आहे. बेल यंत्रणेच्या १९४७ ते १९७७ या काळातील आकड्यांवरून इव्हान्स आणि हेकमन यांनी १९८४ मध्ये असा निष्कर्ष काढला की, ही यंत्रणा नैसर्गिक मक्तेदारीच्या कसोटीस उतरत नाही. बेलच्याच आकड्यांना परिव्यय-फलनाचे निराळे रूप देऊन रोलर यांनी १९९० मध्ये उलट मत मांडले. यात नवल ते काय? संभाषणे वाढत होती आणि यंत्रेही सुधारत होती. तेव्हा परिव्ययातील घट विस्तारामुळे किती व तंत्रविद्येमुळे किती, हे मोजक्या वार्षिक आकड्यांतून निवडणे कठीणच होते.

परंतु आमचा आक्षेप याहून मूलगामी आहे. दूरध्वनीचा परिव्यय हा एकजिनसी नव्हे. स्ट्रोजर, क्रॉसबार आणि पुढे इलेक्ट्रॉनिक अशा क्रमाने केंद्रातील यंत्रणा स्वस्त होत गेली. केंद्रापासून ग्राहकाच्या घरापर्यंतची तांब्याची तार, खांब आणि खोदकाम यांना मात्र त्या स्वस्ताईचा लाभ क्वचितच झाला. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्यास दिलेल्या व्याख्यानात अर्थशास्त्राचे नियम देशकालसापेक्ष असतात, असे प्रतिपादन केले होते. त्यांच्या जन्मगावाच्या, म्हणजे निफाडच्या, तालुक्यावरच हे ताडून पाहावे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटने वातानुकूलनाविना चालणारे १२८ जोडण्यांचे ग्रामीण केंद्र तयार केले. त्यामुळे लहान केंद्र महागच पडणार, हे गृहीत डळमळले. पण गोदावरी-कादवेच्या काठच्या मळ्यांतून विखुरलेल्या वस्त्यांपर्यंत तार नेण्याचा खर्च होता तेथेच राहिला. तो टळला मोबाइलमुळे, आणि तोही अंशतःच. कारण मनोऱ्याचा खर्च वाटून घेण्यास त्याच्या टापूत पुरेसे ग्राहक असावे लागतात.

या तीन घटना एकाच काल-चलात कोंबल्या, तर तंत्रप्रगतीचा एक सरासरी दर हाती येतो. कोणता खर्च घटला, हे त्यावरून कळत नाही. हा केवळ पद्धतीचा काथ्याकूट नव्हे. २००२ मध्ये निर्माण झालेला सार्वत्रिक सेवा निधी (आता डिजिटल भारत निधी) कंपन्यांच्या समायोजित ढोबळ महसुलाच्या ५ टक्के अंशदानावर उभा आहे. त्यातून कोणत्या गावास किती साहाय्य द्यावे, हे केंद्र, तार आणि मनोरा यांचे हिशेब वेगळे मांडल्याशिवाय ठरवता येणार नाही. आणि ते परिमंडळाच्या सरासरीवरून नव्हे, तर वस्तीच्या अंतरावरून मांडले पाहिजेत.