भूजल अहवालाचा रंग कुठून येतो?

(मैंदर्गी येथील जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली रूपे बहुतेक ठिकाणी तशीच ठेवली आहेत.)

मंडळी, आज ज्या पुस्तकावर मी बोलणार आहे ते दुकानात मिळत नाही, त्याला पुरस्कार मिळत नाही आणि त्यावर परीक्षणही कुणी लिहीत नाही. ते म्हणजे सरकारचा भूजल मूल्यांकन अहवाल. पुण्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आणि नागपूरला विभागीय कार्यालय असलेलं केंद्रीय भूजल मंडळ मिळून महाराष्ट्राचा हा अहवाल तयार करतात. आधी तो काही वर्षांच्या अंतराने यायचा, 2022 पासून दरवर्षी येतो. त्याच्या जोडीला 2012 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय जलधर मानचित्रण कार्यक्रमाचे नकाशे आहेत. कादंबरी वाईट निघाली तर वाचकाचे दोन दिवस वाया जातात, बस्स. या अहवालात मात्र तुमचा भाग कोणत्या वर्गात टाकला आहे, त्यावर विहिरीचं अनुदान आणि कर्ज अडतं किंवा सुटतं. म्हणून त्याचं परीक्षण व्हायला पाहिजे, आणि ते मैंदर्गीसारख्या ठिकाणी व्हायला पाहिजे, असं मला वाटतं.

आधी चांगलं काय ते सांगतो, कारण ते खरोखर चांगलं आहे. 1971 साली यंत्रणा स्थापन झाली. पाठोपाठ 1972 चा दुष्काळ आला, गावोगाव यंत्राने बोअर पाडायचं काम सुरू झालं आणि त्यांवर हातपंप बसले. देशभर गेलेल्या 'इंडिया मार्क टू' हातपंपाचं मूळ आपल्याच जिल्ह्यातल्या 'शोलापूर पंपा'त आहे, हे इथल्या पोरांना शाळेत कुणी सांगत नाही, ते असो. त्या काळापासून यंत्रणेची माणसं ठरलेल्या निरीक्षण विहिरींवर जातात, टेप सोडतात आणि पाणी किती मीटरवर आहे ते लिहून घेतात. जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर, असं वर्षातून चार वेळा. पन्नास वर्षं टिकून राहिलेली अशी नोंद म्हणजे मोठी गोष्ट आहे. आपल्या घरात पन्नास वर्षांची वीजबिलं तरी सापडतील का?

आता टीका. अहवालात दोन जातींचे आकडे असतात. एक मोजलेले, दुसरे ठरवलेले. टेप सोडून मिळाला तो मोजलेला. आणि अमुक प्रकारच्या खडकात अमुक टक्के पाणी मुरतं असं समितीने धरून दिलं, तो ठरवलेला. दोन्ही लागतात, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार ही, की शेवटच्या तक्त्यात ते एकमेकांत असे मिसळतात की वाचणाऱ्याला वेगळे करता येत नाहीत. नकाशात तर नुसता रंग उरतो.

हिशोब करून दाखवतो. आकडे सोपे घेतले आहेत, मैंदर्गीचे म्हणून घेऊ नका. समजा पावसाळ्यात विहिरींचं पाणी सरासरी पाच मीटर चढलं. याचा अर्थ जमिनीत पाच मीटर पाणी साठलं असा होत नाही, कारण ते खडकाच्या फटींत आणि छिद्रांत बसतं. भरलेल्या खडकातून उपसायला प्रत्यक्ष किती मिळतं, त्या टक्क्याला स्पेसिफिक यील्ड म्हणतात. 1997 च्या भूजल अंदाज समितीने आपल्या बेसॉल्टसाठी 2 टक्के सुचवलं, आणि 1 ते 3 अशी मुभा ठेवली. ऐकायला फरक किरकोळ वाटतो. पाच मीटरचे 2 टक्के म्हणजे 100 मिलिमीटर, हेक्टरी 1000 घनमीटर पाणी. 1 टक्का धरला तर 500. 3 टक्के धरले तर 1500. आता समजा हेक्टरी उपसा 750 घनमीटर आहे. पहिल्या हिशोबात उपसा 75 टक्के, म्हणजे अंशतः शोषित. दुसऱ्यात 150 टक्के, अतिशोषित. तिसऱ्यात 50 टक्के, सुरक्षित. टेपने मोजलेलं पाणी तिन्हीकडे तेच, शेतकरी तेच, ऊसही तेवढाच. रंग मात्र तीन.

इथपर्यंत कुणी म्हणेल, अंदाज आहे, थोडं इकडेतिकडे व्हायचंच. पण पुढचा नियम ऐका. अहवालात पाणी किती मुरलं हे दोन वाटांनी काढतात. एक आत्ता सांगितली ती, विहिरीच्या चढउतारावरून. दुसरी पावसावरून: इतका पाऊस, या खडकात इतका टक्का मुरतो, झालं. दोन आकड्यांत फरक वीस टक्क्यांच्या आत असेल तर विहिरीवरून आलेला आकडा घेतात. त्यापेक्षा फरक जास्त असेल तर विहिरीचा आकडा बाजूला पडतो, आणि पावसावरून काढलेल्याच्या 1.2 पट किंवा 0.8 पट धरतात. 1997 च्या पद्धतीत हे होतं, 2015 च्या सुधारित पद्धतीतही राहिलं.

आपल्याच उदाहरणात घालून पाहू. पाऊस 600 मिलिमीटर धरा. नियमावलीत कुजलेल्या बेसॉल्टला मुरण्याचा टक्का 7, आणि छिद्रं-भेगा असलेल्या बेसॉल्टला 13. सातने 42 मिलिमीटर येतात. विहीर म्हणते 100. फरक फार झाला, म्हणून 42 च्या 1.2 पट, साधारण 50 मिलिमीटर, म्हणजे हेक्टरी 504 घनमीटर. उपसा झाला 149 टक्के. आता तेराने करा: 78 मिलिमीटर, त्याच्या 1.2 पट, हेक्टरी 936 घनमीटर. उपसा 80 टक्के. म्हणजे शेवटचा रंग ठरला तो खडकाच्या नकाशावर तुमच्या रानाला कुजलेला म्हटलंय की भेगाळलेला, यावर. पन्नास वर्षं टेप सोडून मिळवलेल्या नोंदीचं इथे काही चाललं नाही.

या नियमामागे कारण आहे, तेही सांगतो. मोजणारा येण्याआधी तासभर मोटार चालली असेल तर विहीर खोटं बोलते. अशा चुका सावरायला काहीतरी मर्यादा हवी. पण मग अहवालाने एवढं छापावं: या पाणलोटात विहिरीचा आकडा घेतला की बाजूला ठेवला. एक रकाना वाढेल. तो रकाना नसेल तर अहवाल वाचणारा पुढारी, बँकेचा अधिकारी, वार्ताहर, सगळे त्या टक्क्याला मोजलेला समजतात. तहसीलात तर तो आकडा थेट देवाचा शब्द होतो.

खडकाकडे वळतो. विहीर खोदणाऱ्यांना आपल्याकडचा खडक तोंडपाठ असतो. वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा फत्तर, आणि मध्येच एखादा गेरूसारखा तांबडा पट्टा लागतो. लाव्ह्याचे थर एकावर एक बसले, म्हणून हे आलटून पालटून येतं. पाणी मांजऱ्यात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. कन्नडमध्ये आपण विहिरीला बावी म्हणतो, मराठीत विहीर. दोन्ही भाषांत म्हातारी माणसं हेच सांगतील की शेजारच्या बावीला पाणी आहे म्हणून आपल्याला लागेलच असं नाही.

भूजलाचं गणिती प्रतिरूप, ज्याला मॉडेल म्हणतात, त्याला नेमकं हेच पचत नाही. जगभर वापरलं जाणारं 'मॉडफ्लो' अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने 1984 मध्ये आणलं. ते जमिनीचे चौकोन पाडतं आणि एका चौकोनातून दुसऱ्यात किती पाणी जाईल ते डार्सीच्या नियमाने काढतं. हेन्री डार्सीने तो नियम 1856 मध्ये फ्रान्समधल्या दिजोंच्या पाणीपुरवठ्याच्या कामात मांडला, नळीत वाळू भरून. वाळूत पाणी सगळीकडे सारखं झिरपतं. आपल्याकडे ते एका भेगेतून पळतं आणि हातभर अंतरावर कोरडा फत्तर असतो. चौकोन मोठा घेतला तर सरासरीने काम भागतं, हे मला मान्य आहे. संपूर्ण खोऱ्याचा अंदाज करायला मॉडेल उपयोगीच आहे. पण गाव त्या चौकोनापेक्षा लहान पडलं की मॉडेलच्या उत्तरावरून तुमच्या रानाबद्दल काही म्हणता येत नाही. जलधर मानचित्रणाचं पहिलं काम 1:50,000 या प्रमाणावर झालं. त्या कागदावर एक सेंटीमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. त्यात किती बावी बसतात ते मोजा.

त्या अहवालांतल्या उभ्या छेदांची चित्रं पाहण्यासारखी असतात. दोन शोध-बोअर, मध्ये काही किलोमीटर, आणि दोन्हींतले थर पट्टीने आखल्यासारखे जोडलेले. जोडणाऱ्याला दोष देत नाही, मध्ये बोअरच नाही तर तो काय करणार! पण ज्या रेषा जोडून काढल्या त्या तुटक काढाव्यात, ही चित्रकलेची साधी शिस्त आहे. किल्लारी इथून सरळ रेषेत सत्तरेक किलोमीटर. 1993 च्या भूकंपानंतर राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने तिथे 617 मीटर खोल छिद्र घेतलं, तेव्हा बेसॉल्टची जाडी 338 मीटर निघाली. तिथे खडक हाताला लागला म्हणून तो आकडा ठामपणे सांगता येतो. ठाम आकड्याची आणि जोडलेल्या रेषेची शाई एकच असू नये.

आता बोअरची गोष्ट. निरीक्षण विहिरी बहुतेक उघड्या, खोदलेल्या. त्या वरच्या थराचं पाणी दाखवतात. आपला उपसा मात्र गेल्या तीसेक वर्षांत खाली गेला आहे. सहाशे फूट बोअर आता कुणी विशेष मानत नाही. ते 183 मीटर होतात. 2009 च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात 60 मीटरपेक्षा खोल विहिरीला खोल विहीर म्हटलं आहे, त्या हिशोबाने आपण तिप्पट खाली आहोत. जलधर नकाशांनी वरचा जलधर आणि खालचा जलधर असे दोन वेगळे दाखवले, हे त्यांचं मोठं काम. पण केसिंग मुरमापुरतीच असते. त्याखाली बोअर उघडीच. वरचं पाणी तिच्यातूनच खाली उतरतं. नकाशात वेगळे असलेले दोन जलधर आपण शेकडो ठिकाणी भोकं पाडून एक केले आहेत. पाऊस चांगला झाला की वरच्या विहिरी भरतात, अहवालाचा रंग सुधारतो, आणि फेब्रुवारीत बोअर पुन्हा धूर काढते.

सीमेचं थोडक्यात सांगतो. आपला अहवाल पुणे-नागपूरचा, पलीकडच्या अफझलपूर-आळंदचा बंगळूरचा. नकाशा राज्याच्या हद्दीवर संपतो, पुढे पांढरं. आपल्या नद्यांचं मूल्यांकन पाणलोटावरून व्हावं असं हीच पद्धत म्हणते. बोरी नळदुर्गाच्या पाणीमहालाखालून येते आणि आपल्या तालुक्यातून जाते. तिला जिल्हा कळत नाही, राज्य तर नाहीच. आणखी एक अडचण खास आपली आहे. अटल भूजलसारख्या योजनेत पाण्याचा ताळेबंद ग्रामपंचायत मांडते. मैंदर्गीत नगरपरिषद आहे, आणि हद्दीत शेती आहे. त्या शेतीचा ताळेबंद कुणी मांडायचा?

करता येण्यासारखं एक काम याच पद्धतीत लिहिलेलं आहे, ते सांगून थांबतो. कठीण खडकाच्या भागात स्पेसिफिक यील्ड पुस्तकातून न घेता जागेवर काढावं, कोरड्या हंगामाच्या ताळेबंदाने, असं 1997 च्या समितीनेच म्हटलं आहे. पावसाळा संपल्यावर वीसेक विहिरी मोजायच्या, मेअखेर पुन्हा त्याच मोजायच्या. मधल्या काळात किती मोटारी, रोज किती तास, तासाला किती लिटर, हे लिहायचं. मध्ये वळवाचा पाऊस झाला तर तोही. जेवढं पाणी उपसलं त्याला जेवढा खडक रिता झाला त्याने भागायचं. टेप, वही आणि बादली लागते. मोटार सकाळी चालू करण्याआधी मोजायचं, एवढं पथ्य. विहिरींची नावं आजच लिहून घेऊ. ज्यांची बावी उघडी आहे आणि वर्षभर उतरता येतं, त्यांनी पुढे या.