राजभवन ते राष्ट्रपतिभवन : डॉ. पी. सी. अलेक्झांडर यांच्या उमेदवारीची चिकित्सा

प्रस्तावना :

राष्ट्रपतिपदाची निवडणूक जवळ आली की संभाव्य उमेदवारांच्या यादीत एखाद्या राज्यपालाचे नाव हमखास असते. महाराष्ट्राच्या संदर्भात याचे सर्वांत बोलके उदाहरण २००२ सालचे आहे. महाराष्ट्राचे तत्कालीन राज्यपाल डॉ. पी. सी. अलेक्झांडर यांचे नाव त्या वर्षी राष्ट्रपतिपदासाठी अग्रक्रमाने चर्चिले गेले आणि अखेर मागे पडले. त्यांना कोणाचा पाठिंबा होता आणि कोणाचा विरोध, याची चर्चा भरपूर झाली. मात्र अशा उमेदवारीने राज्यपालपदाचे काय होते, हा मूलभूत प्रश्न दुर्लक्षितच राहिला. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार केला आहे.

घटनात्मक चौकट :

राज्यपाल हा राष्ट्रपतिपदाचा स्वाभाविक उमेदवार होय, असे मानणाऱ्यांचा युक्तिवाद वरवर पाहता पटण्यासारखा आहे. दोन्ही पदे घटनात्मक प्रमुखाची आहेत. राज्यघटनेचे संरक्षण करण्याची शपथ दोघेही घेतात (अनुच्छेद ६० व १५९). शिवाय अनुच्छेद ५८ च्या स्पष्टीकरणानुसार राज्यपालपद हे लाभाचे पद मानले जात नाही; त्यामुळे पदावर असतानाही राज्यपालास ही निवडणूक लढविता येते.

परंतु हे साम्य येथेच संपते. राष्ट्रपती निर्वाचित असतो व त्यास महाभियोगाखेरीज दूर करता येत नाही. राज्यपालाची नियुक्ती मात्र केंद्र शासनाच्या सल्ल्याने होते आणि राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंतच तो पदावर राहतो (अनुच्छेद १५५ व १५६). म्हणजेच एक पद स्वातंत्र्य गृहीत धरते, तर दुसरे अवलंबित्व. ज्यांच्या मर्जीवर पद टिकते, बहुधा त्यांच्याच हाती बढतीची उमेदवारीही असते.

सरकारिया आयोगाने १९८७ मध्ये सादर केलेल्या अहवालात हा धोका ओळखला होता. निवृत्तीनंतर राज्यपालाने केंद्राच्या वा राज्याच्या अखत्यारीतील अन्य लाभाचे पद स्वीकारू नये, असा संकेत आयोगाने सुचविला. त्यास आयोगाने अपवाद ठेवले ते असे : राज्यपालपदाची दुसरी मुदत आणि उपराष्ट्रपती वा राष्ट्रपती म्हणून निवड. लहान आमिषांची दारे बंद करताना सर्वांत मोठ्या आमिषाचे दार उघडे राहिले, हे या शिफारशीचे वैगुण्य म्हणावे लागेल.

२००२ ची उमेदवारी :

डॉ. अलेक्झांडर यांची कारकीर्द प्रशासनात घडली. इंदिरा गांधी यांचे प्रधान सचिव, ब्रिटनमधील उच्चायुक्त व तामिळनाडूचे राज्यपाल या पदांनंतर जानेवारी १९९३ मध्ये ते महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. सुधाकरराव नाईक, शरद पवार, मनोहर जोशी, नारायण राणे व विलासराव देशमुख अशा पाच मुख्यमंत्र्यांसमवेत त्यांनी काम केले. १९९९ च्या निवडणुकीत २८८ पैकी शिवसेना-भाजप युतीस १२५, काँग्रेसला ७५ व राष्ट्रवादी काँग्रेसला ५८ जागा मिळाल्या. अशा त्रिशंकू स्थितीतून १८ ऑक्टोबर १९९९ रोजी नवे मंत्रिमंडळ शपथबद्ध झाले, तेव्हाही राजभवनात तेच होते.

परस्परविरोधी पक्षांशी असलेला हा कार्यसंबंध हेच त्यांच्या उमेदवारीचे बळ होते. काँग्रेसच्या पंतप्रधानांचा एकेकाळचा विश्वासू अधिकारी भाजपप्रणीत राष्ट्रीय लोकशाही आघाडीस मान्य होता आणि शरद पवार यांचाही त्यास पाठिंबा होता. परंतु काँग्रेसने त्यांना मान्यता दिली नाही. सत्तारूढ आघाडीतही एकमत झाले नाही. उपराष्ट्रपती कृष्णकांत यांचे नाव पुढे येऊन मागे पडले. जून २००२ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे नाव जाहीर झाले. काँग्रेस व समाजवादी पक्षानेही त्यांना पाठिंबा दिला. डाव्या पक्षांच्या उमेदवार कॅप्टन लक्ष्मी सहगल यांच्या १,०७,३६६ मतमूल्याच्या तुलनेत कलाम यांना ९,२२,८८४ मतमूल्य मिळाले. अलेक्झांडर यांनी राज्यपालपद सोडले आणि त्याच वर्षी ते महाराष्ट्रातून राज्यसभेवर अपक्ष सदस्य म्हणून निवडून गेले. ‘थ्रू द कॉरिडॉर्स ऑफ पॉवर’ या २००४ मधील आत्मकथनात त्यांनी या प्रकरणाची आपली बाजू मांडली आहे.

या साऱ्या घडामोडीत एक गोष्ट लक्षणीय आहे. त्यांच्या समर्थकांनी राज्यपाल म्हणून केलेल्या कार्याचा आधार घेतला नाही आणि विरोधकांनीही त्या कार्याची झडती घेतली नाही. निर्णय झाला तो केवळ पक्षीय गणितावर.

कार्याचे मोजमाप :

मोजावे असे कार्य नव्हते, असे म्हणता येणार नाही. अनुच्छेद ३७१(२) अन्वये १९९४ मध्ये विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांसाठी वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली व निधीच्या समन्यायी वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांकडे आली. अलेक्झांडर यांच्याच काळात निर्देशांक व अनुशेष समितीचे काम झाले आणि २००१ मध्ये सिंचन अनुशेषासंबंधी राज्यपालांचे निर्देश निघाले. अन्य बहुतेक राज्यांच्या राज्यपालांना नसलेला हा अधिकार होय.

त्याच्या मर्यादाही स्पष्ट होत्या. १९८४ च्या दांडेकर समितीपासून अनुशेषाचा हिशोब जिल्हा हे एकक मानून होत आला. परिणामी सधन जिल्ह्यातील कोरडे भाग त्या हिशोबात दिसत नाहीत. जुन्नर तालुक्यातील आणे पठार हे त्याचे ठळक उदाहरण आहे. कुकडी प्रकल्पाची धरणे असलेल्या या तालुक्यात उंचावरील आणे पठार कालव्याच्या पाण्यापासून वंचित राहिले. पुणे जिल्ह्याच्या सरासरीत पठाराची तहान बुडून जाते.

आणे येथील मतदाराचा राष्ट्रपतिनिवडणुकीशी संबंध येतो तो आपल्या आमदार-खासदारांच्या मतापुरता. १९७१ च्या जनगणनेवर आधारित सूत्रानुसार महाराष्ट्रातील आमदाराच्या मताचे मूल्य १७५ आहे. राज्यपालांच्या निधीवाटपाच्या निर्देशाचा संबंध मात्र थेट त्याच्या शेताशी येतो. राष्ट्रपतिपदाचा उमेदवार म्हणून एखाद्या राज्यपालाची पात्रता तपासायची, तर या निर्देशांनी कोणापर्यंत पाणी पोहोचले व कोण वगळले गेले, हा पहिला प्रश्न असावयास हवा होता. तो विचारलाच गेला नाही. पुढे ३० एप्रिल २०२० रोजी या मंडळांची मुदतही संपुष्टात आली.

२००७ नंतरचा प्रवाह :

२००२ पूर्वी डॉ. झाकीर हुसेन, व्ही. व्ही. गिरी व डॉ. शंकर दयाळ शर्मा हे तीन माजी राज्यपाल राष्ट्रपती झाले. शर्मा हे तर महाराष्ट्राच्या राजभवनातूनच १९८७ मध्ये दिल्लीस गेले. परंतु हे तिघेही आधी उपराष्ट्रपती होते. राज्यसभेच्या सभापतिपदावरून त्यांना विरोधी पक्षांच्या नजरेखाली काम करावे लागले. हा मधला टप्पा एक प्रकारची कसोटी होती.

तो टप्पा वगळण्याचा अलेक्झांडर यांच्या बाबतीतील प्रयत्न अयशस्वी ठरला. पाचच वर्षांनी, २००७ मध्ये, राजस्थानच्या राज्यपाल श्रीमती प्रतिभा पाटील थेट राष्ट्रपतिपदी निवडून आल्या. शिवसेनेने आघाडीची शिस्त बाजूस सारून त्यांना मते दिली ती मराठी अस्मितेच्या आधारावर. राजस्थानचे धर्मस्वातंत्र्य विधेयक त्यांनी २००६ मध्ये परत पाठविले होते. त्या निर्णयाचे गुणदोष मतदानात निर्णायक ठरले नाहीत. २०१७ मध्ये बिहारचे राज्यपाल श्री. रामनाथ कोविंद याच वाटेने गेले. २०२२ मध्ये निवडून आलेल्या श्रीमती द्रौपदी मुर्मू यांनी मात्र झारखंडचे राज्यपालपद वर्षभर आधीच सोडलेले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राचे राज्यपाल श्री. सी. पी. राधाकृष्णन उपराष्ट्रपती झाले. अपवाद म्हणून ठेवलेली वाट आता रुळलेली आहे.

येथे कोणा व्यक्तीच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न रचनेचा आहे. त्रिशंकू विधानसभेत प्रथम कोणास पाचारण करावे, विधेयक राखून ठेवावे की नाही, राष्ट्रपती राजवटीचा अहवाल पाठवावा की नाही, हे निर्णय घेणाऱ्याच्या पुढे राष्ट्रपतिभवन दिसत असेल, तर योग्य निर्णयावरही संशयाची छाया पडते.

निष्कर्ष :

राज्यपालांना राष्ट्रपतिपदाची दारे कायमची बंद करणे अन्यायाचे ठरेल. मात्र राज्यपालपद सोडल्यानंतर किमान दोन वर्षे उमेदवारी स्वीकारू नये, असा संकेत सर्व पक्षांनी मान्य करावा अथवा अनुच्छेद ५८ मध्ये तशी दुरुस्ती व्हावी. मधल्या अंतराने उमेदवाराचे नुकसान होत नाही, हे २०२२ च्या उदाहरणावरून दिसते. पूंछी आयोगाने २०१० मध्ये शिफारस केल्याप्रमाणे राज्यपालास पाच वर्षांची निश्चित मुदत मिळाली, तर मर्जीचे ओझेही हलके होईल.

डॉ. अलेक्झांडर राष्ट्रपती झाले नाहीत, हे त्यांच्या उमेदवारीचे अपयश मानले जाते. परंतु राजभवनातील साडेनऊ वर्षांच्या कामाचा हिशोब न मागताच त्यांच्या पात्रतेचा निर्णय झाला, हे अपयश त्याहून मोठे आहे आणि ते त्यांचे एकट्याचे नाही.