शेतघराची गॉथिक खिडकी व तेरचें त्रिविक्रममंदिर

ढोकीहून तेर फार दूर नाहीं. प्राचीन तगर तें हेंच, असें जे. एफ्. फ्लीट यांनीं इ. स. १९०१ मध्यें प्रतिपादिल्यापासून तेथील नाणीं, मणी व खापरें यांकडे संग्राहकांची दृष्टि वळली. त्रिविक्रमाच्या विटांच्या मंदिराविषयीं मात्र हेन्री कझिन्स यांचेंच मत बहुधा पुनरुक्त होत आलें आहे. पुढचा सपाट छताचा मंडप मागाहून जोडलेला. मूळ इमारतीची पाठ अर्धवर्तुळाकार, छप्पर गजपृष्ठासारखें, दर्शनी मुख घोड्याच्या नालाच्या घाटाचें. सबब तें मूळचें बौद्ध चैत्यगृह. ह्या अनुमानाची परीक्षा करण्यासाठीं आम्ही एक दूरचें घर साक्षीस बोलावितों.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं आयोवांत, एल्डन गांवीं, चार्ल्स डिबल यानें इ. स. १८८१-८२ मध्यें एक लहानसें लाकडी घर बांधिलें. उभ्या फळ्या, सांध्यांवर बारीक पट्ट्या, आणि माळ्याच्या त्रिकोणी भिंतींत चर्चला शोभेल अशी टोकदार गॉथिक खिडकी. ग्रँट वुड यानें इ. स. १९३० मध्यें आपल्या ‘अमेरिकन गॉथिक’ ह्या चित्रांत तें घेतलें आणि शेतकऱ्याचें घर म्हणून तें जगभर ठाऊक झालें. असल्या हलक्या सांगाड्यास ही खिडकी म्हणजे उसना डौल, असें खुद्द चित्रकाराचें मत सांगतात.

आम्हांस हा आक्षेप पटत नाहीं. दगडांत भार पेलणारी कमान लाकडांत नुसती आकृति होते, हें खरें. पण कार्ल्याच्या चैत्यांत कोरीव छताखालीं लाकडी फांसळ्या बसविल्या आहेत, त्यांवर तरी कोणता भार आहे? तेर येथें प्रवास उलट दिशेचा. लाकूड-बांबूच्या घराचें वांकलेलें छप्पर विटांत उतरलें, आणि तेंही खऱ्या कमानीनें नव्हे, तर विटांचे थर एकावर एक पुढें सारून.

आतां मुद्द्याची गोष्ट. एल्डनची खिडकी पाहून तेथें पूर्वीं चर्च होतें असें कोणी म्हणत नाहीं. मग तेर येथें केवळ घाटावरून धर्म कसा ठरतो? ऐहोळेचें दुर्गमंदिरही मागें अर्धवर्तुळाकारच आहे, आणि तें ब्राह्मणी देऊळ असल्याचें त्यावरील शिल्पेंच सांगतात.

कझिन्स यांचें अनुमान खोटें, असें आमचें म्हणणें नाहीं; घाट एवढ्याच पुराव्यानें तें सिद्ध होत नाहीं, इतकेंच. गाभाऱ्याच्या जमिनीखालीं स्तूपाचा पाया निघाल्यास आम्ही तें आनंदानें मान्य करूं.