कमला सोहोनी: एका प्रसंगात न मावणारी रसायनशास्त्रज्ञ

पेट-नेटची तयारी करताना तुमच्या मोबाईलवर कमला सोहोनींची गोष्ट एकदा तरी येऊन गेली असेल. 1933 साली मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. झालेल्या कमला भागवत बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जातात, बाई आहे म्हणून सी. व्ही. रामन प्रवेश नाकारतात, त्या हटून बसतात, वर्षभराच्या अटीवर प्रवेश मिळतो. काम पाहून रामन यांचं मत बदलतं आणि संस्थेचं दार मुलींसाठी उघडतं. गोष्ट संपते. टाळ्या.

गोष्ट खरी आहे. माझी तक्रार आहे ती सांगण्याच्या पद्धतीबद्दल. बहुतेक लेख पंचाहत्तर टक्के जागा या प्रसंगाला देतात, मग केंब्रिजच्या पीएच.डी.चा एक परिच्छेद आणि शेवटी 'पुढे त्यांनी अध्यापन केले' अशी एक ओळ. संशोधनात येणाऱ्यांना खरं उपयोगाचं जे आहे, ते नेमकं त्या एका ओळीत गाडलं जातं.

केंब्रिजचंच बघा. बटाट्यावर काम करताना त्यांनी वनस्पतींच्या पेशींमध्येही सायटोक्रोम सी असतं हे दाखवलं. पेशी अन्नातून ऊर्जा काढतात त्या साखळीत इलेक्ट्रॉन पुढे नेणारं हे प्रथिन. 1939 ची पीएच.डी., प्रबंध अवघा चाळीसेक पानांचा. आपल्याकडे प्रबंधाची जाडी हाताने तोलून बघणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

त्यानंतर त्या परत आल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजात शिकवलं, कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत काम केलं, 1947 मध्ये लग्नानंतर मुंबईत येऊन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्र शिकवायला लागल्या. इथे विषय बदलला: कडधान्यं, भाज्या, नीरा. वरवर बघितलं तर केंब्रिजच्या मानाने 'खालचा' विषय. पण 1954 च्या सुमारास त्यांच्या गटाने भारतीय अन्नपदार्थांमधल्या ट्रिप्सिन-रोधकांवर निबंध छापायला सुरुवात केली, ते काढून वाचा. ट्रिप्सिन हे आतड्यात प्रथिनं तोडणारं विकर. अनेक कडधान्यांमध्ये त्यालाच अडवून धरणारी प्रथिनं असतात. म्हणजे पानात प्रथिन आहे, पण अंगी लागत नाही. आपल्याकडे कडधान्य भिजवून, शिजवूनच खातात, त्यामागे हेही एक कारण आहे. गरिबाचं प्रथिन डाळीतूनच येतं, तिथे हा प्रश्न 'खालचा' कसा?

नीरेवरच्या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींकडून पुरस्कार मिळाला. इथे मात्र कौतुक करणाऱ्यांनी जरा थांबावं. नीरेत जीवनसत्त्वं आणि लोह आहे हे सिद्ध करणं एक, आणि काही तासांत आंबणारं पेय वाडीवस्तीवरच्या मुलापर्यंत ताजं पोचवणं दुसरं. पहिला प्रश्न प्रयोगशाळेत सुटतो, दुसरा तिथे सुटत नाही. हे न सांगता 'नीरेने कुपोषण हटवलं' छापाचं लिहिणं म्हणजे शास्त्रज्ञाची आरती झाली, समीक्षा नव्हे.

दुसरी खोट त्या गोड शेवटाची. रामन बदलले, प्रश्न मिटला असं वाटतं. पण मुंबईत संस्थेचं संचालकपद त्यांना काही वर्षं उशिरानेच मिळालं. प्रवेशाचं दार उघडलं तरी वरचा जिना तसाच होता.

आणि निवृत्तीनंतर? 1966 मध्ये नऊ महिलांनी उभ्या केलेल्या ग्राहक मार्गदर्शन संस्थेत त्या रमल्या, अध्यक्ष झाल्या, संस्थेच्या 'कीमत' या नियतकालिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहीत राहिल्या. केंब्रिजची पीएच.डी. घरगुती ग्राहकासाठी लिहिते, यात मला तरी कुठे पायरी उतरणं दिसत नाही.

हे मला का लागतं, सांगतो. एका सेमिनारनंतर एका ज्येष्ठांनी मला बाजूला घेऊन विचारलं, 'मराठीत लिहून तुझे किती पेपर वाढले?' उत्तर सुचलं नाही. आता सुचतं. कोल्हापुरात आपण गूळ घेताना पिवळाधमक बघून घेतो. तो रंग पुष्कळदा हायड्रॉस नावाच्या पावडरीने आणलेला असतो. ते सोडियम हायड्रोसल्फाइट, आणि त्यामुळे गुळात सल्फर डायऑक्साइड राहतो. यावर इंग्रजीत निबंध आहेत. पण गुऱ्हाळावर आणि बाजारात ते वाचतं कोण? काळपट गूळ वाईट नसतो, हे गिऱ्हाइकाला कुणीतरी त्याच्या भाषेत सांगायला नको?

तेव्हा विषय निवडताना स्वतःला दोन प्रश्न विचारा. याचं उत्तर मिळालं तर शास्त्रात काय बदलेल? आणि ते कुणाला, कुठल्या भाषेत सांगावं लागेल? दुसऱ्याचं उत्तर आलं नाही तर विषय टाकू नका. पण प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. सोहोनींची गोष्ट पुन्हा कुठे दिसली, तर रामन यांच्या दारापाशी थांबू नका. पुढची साठ वर्षं वाचा.